वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याचा दाखला बहुतेक मराठी घरांत कुठल्यातरी जुन्या फायलीत सापडतो. जन्मतारीख, जात, शाळा सोडल्याचे कारण हे सगळे झाले की खाली 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक' असे दोन रकाने येतात, आणि दोन्हींसमोर कारकुनाने एका दमात 'चांगली', 'चांगली' लिहून टाकलेले असते. माझ्या दाखल्यावर तेच आहे. ज्याने आमच्या गणिताच्या सरांच्या सायकलची हवा सोडली होती त्याच्या दाखल्यावरही तेच आहे. हा रकाना वाचायचा नसतो, हे आपण सगळेच गृहीत धरतो.

एखाद्या देशाचे नागरिकत्व मागायला गेले की मात्र हाच रकाना पुन्हा समोर येतो, आणि तेव्हा तो फार बारकाईने वाचला जातो. पुण्याहून रेडिंगला किंवा नाशिकहून लेस्टरला गेलेला माणूस कायम वास्तव्याचा परवाना मिळवतो, इंग्रजीची परीक्षा देतो, 'लाइफ इन द यूके'चे चोवीस प्रश्न पंचेचाळीस मिनिटांत सोडवतो. त्या परीक्षेत किती गुण लागतात ते आधी माहीत असते : चोवीसपैकी अठरा. किती वर्षे राहायला हवे तेही माहीत असते. एकाच विषयाचा अभ्यासक्रम छापलेला नसतो, आणि तो विषय म्हणजे त्याचे स्वतःचे चारित्र्य.

ब्रिटनमध्ये ही अट १९१४ च्या कायद्यात आली आणि आजच्या १९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमध्ये ती पहिल्या परिशिष्टात बसली आहे. अर्जदार 'चांगल्या चारित्र्याचा' असावा, एवढेच तिथे म्हटले आहे. चांगले म्हणजे काय, कोणाच्या नजरेतून, किती वर्षांपूर्वीपर्यंतचे, यावर कायदा गप्प आहे. वर आणखी एक मेख अशी की सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरी गृहमंत्री 'योग्य वाटल्यास' नागरिकत्व देऊ शकतात. म्हणजे नॅचरलायझेशन, अर्थात परदेशी माणसाला अर्जावरून नागरिकत्व देणे, हा हक्क नाही, मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानीचा हिशेब मागायचा नसतो अशीच तिथल्या कायद्याची बरीच वर्षे समजूत होती. १९८१ च्या कायद्यातले ४४ वे कलम तर उघडच सांगत होते : नकाराची कारणे देण्याचे बंधन मंत्र्यांवर नाही, आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध अपीलही नाही.

या भिंतीला पहिली मोठी भेग पाडली ती एका अतिश्रीमंत दुकानदाराने. लंडनच्या हॅरॉड्सचे मालक मोहम्मद अल फायेद आणि त्यांचे भाऊ अली, दोघेही इजिप्तमध्ये जन्मलेले, दोघांनीही ब्रिटिश नागरिकत्व मागितले. १९९५ मध्ये दोघांनाही नकार आला, आणि कारण शून्य. दोघे न्यायालयात गेले. सरकारचे म्हणणे सोपे होते : कारण द्यायचे नाही असे कायदाच म्हणतो, मग आम्ही काय चुकलो? नोव्हेंबर १९९६ मध्ये लॉर्ड वुल्फ यांच्या अपील न्यायालयाने या बचावातली फट शोधली. नकारानंतर कारण देण्याचे बंधन नसेल, ठीक. पण नकार देण्यापूर्वी 'तुमच्याविषयी आमच्या मनात अमुक शंका आहे' हे सांगून बाजू मांडू देण्याची मनाई कायद्याने कुठे केली आहे? ज्याला आपल्यावरचा आक्षेपच माहीत नाही त्याने उत्तर कशाचे द्यायचे? निर्णय रद्द झाला. इथे एक गोष्ट नजरेतून निसटते, म्हणून सांगतो. न्यायालयाने फायेद यांना सज्जन ठरवले नव्हते. आक्षेप आधी कळवा, एवढेच सांगितले होते.

आणि पुढे तसेच झाले. आक्षेप कळवले गेले, उत्तरे आली, १९९९ मध्ये गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी मोहम्मद यांना पुन्हा नकार दिला, भावाला मात्र नागरिकत्व मिळाले. या वेळी कारणे होती : संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदारांना दिलेले पैसे, आणि व्यवसायातले वैरी टायनी रोलंड यांची हॅरॉड्समधली तिजोरी परस्पर उघडली गेल्याचे प्रकरण. फायेद पुन्हा न्यायालयात गेले आणि या खेपेला हरले. चारित्र्याची पट्टी किती उंच ठेवायची हे मंत्र्यांनी ठरवावे, फक्त ती अविवेकी नसावी, असा त्या निकालाचा अर्थ. २०२३ मध्ये फायेद वारले तेव्हाही ते ब्रिटिश नव्हते. त्यानंतर वर्षभराने अनेक स्त्रियांनी पुढे येऊन त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप केले. नकाराच्या ज्या कारणांची त्या काळी चर्चा झाली त्यांत याचा मागमूसही नव्हता. सरकारी फायलीला दिसते ते चारित्र्य आणि माणसाचे चारित्र्य यांत किती अंतर पडू शकते याचे याहून कडवट उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

श्रीमंतांच्या अर्जांचा हा काळ मजेशीरच होता म्हणायचा. हिंदुजा बंधूंपैकी एकाच्या पासपोर्टबद्दल गृहखात्यात विचारणा केल्याच्या वादात जानेवारी २००१ मध्ये पीटर मँडलसन यांना मंत्रिपद सोडावे लागले. कारण न देणाऱ्या खात्यात कोणाचा फोन जातो हा प्रश्न मग आपसूकच उभा राहतो. २००२ च्या कायद्याने ४४ व्या कलमातला तो 'कारणे देणार नाही' भाग काढून टाकला. आज नकाराच्या पत्रात कारणे असतात.

व्याख्या मात्र अजूनही नाही. तिच्या जागी होम ऑफिसची, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याची, अधिकाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे, आणि अर्जदाराचे नशीब कायद्यापेक्षा तिच्यावर जास्त अवलंबून असते. ती संसदेच्या कायद्याविना बदलता येते, आणि बदलतेही. पूर्वी चार वर्षांची कैद झालेल्याचा अर्ज कायमचा बाद व्हायचा. ३१ जुलै २०२३ पासून ही मर्यादा बारा महिन्यांवर आली. शिक्षा जगात कुठेही झालेली असो, भोगून किती वर्षे लोटली असोत, ती आड येतेच. भारतात कॉलेजात असताना मोर्च्यात झालेली अटक, कौटुंबिक भांडणातून दाखल झालेला आणि पुढे मिटलेला खटला, हे सगळे 'तिकडचे, जुने' म्हणून सोडून द्यायची सवय असलेल्यांनी जपायला हवे. गुन्ह्याची शिक्षा भोगून ठरावीक काळ गेला की ती जुनी झाली, सांगायची गरज नाही, अशी सवलत ब्रिटिश कायद्यात नोकरीसारख्या बाबतींत आहे; नागरिकत्वाच्या अर्जासाठी ती २०१२ मध्ये काढून घेतली गेली.

गुन्हेगारी हा झाला एक भाग. कर, कौन्सिल टॅक्स, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची थकलेली बिले, दिवाळखोरी, व्हिसाच्या नियमांचा भंग, यांतले काहीही चारित्र्याच्या खात्यात जमा होते. थकबाकी म्हणजे दुर्वर्तन का, असा प्रश्न पडेल. पण आपल्याकडेही गावात कोणाची पत काय हे त्याच्या उधारीवरूनच ठरत नाही का? सगळ्यांत जड पारडे असते ते लपवाछपवीचे. गेल्या दहा वर्षांत अर्जात खोटी माहिती दिली असे दिसले तर अर्ज जवळजवळ हमखास जातो. मूळ चूक क्षुल्लक असली तरी तिच्यावर घातलेले पांघरूण क्षुल्लक राहत नाही. बसमधल्या विनातिकीट दंडापायी कोणाचे नागरिकत्व सहसा अडत नाही. दंड झाला होता हे ठाऊक असून 'नाही'वर खूण केली, तर अडू शकते. या विषयात एकच व्यावहारिक सल्ला द्यायचा तर तो हाच : शंका असेल तिथे सांगून मोकळे व्हा.

पण प्रामाणिक माणूसही अडकतो, त्याची गोष्ट २०१४ च्या एका निकालात आहे. झिम्बाब्वेचा एक तरुण ब्रिटिश सैन्यात होता. मोटारवेवर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल त्याला न्यायालयात शंभर पौंड दंड झाला. हाच गुन्हा जागच्या जागी दंड भरून मिटला असता तर अर्जात आडवा आला नसता. प्रकरण न्यायालयात गेले म्हणून तो 'दोषसिद्धी' ठरला. होम ऑफिसने मार्गदर्शिका उघडली, कालावधी मोजला, आणि सैनिकाला नकार कळवला. त्याच्या वरिष्ठांची प्रशस्तिपत्रे फायलीत होती, ती तशीच राहिली. न्यायमूर्ती लँग यांनी हा नकार रद्द केला. दोषसिद्धी आहे की नाही एवढे पाहणे आणि चारित्र्य पाहणे यांत फरक आहे. माणूस सगळा पाहा, मार्गदर्शिका यंत्रासारखी चालवू नका, असे त्या निकालाचे सार आहे. आज वकील मंडळी फेरविचाराच्या अर्जात या निकालाचा हवाला हमखास देतात.

भारतीयांना जास्त जवळचे प्रकरण कराचे आहे. उच्चशिक्षितांसाठीच्या एका व्हिसावर आलेले कितीतरी भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी नोकरीशिवाय स्वतःचा छोटा सल्ला-व्यवसाय दाखवून उत्पन्नाचे गुण मिळवत. पुढे कायम वास्तव्याच्या वेळी होम ऑफिसने त्यांचे व्हिसा अर्जातले उत्पन्न आणि कर खात्याला सांगितलेले उत्पन्न शेजारी ठेवून पाहिले. आकडे जुळेनात. मग 'चारित्र्य आणि वर्तन' या कारणाखाली, जे मुख्यतः धोकादायक लोकांसाठी लिहिले गेले होते, अर्ज फेटाळले जाऊ लागले. काहींनी खरेच व्हिसासाठी उत्पन्न फुगवले होते. काहींच्या अकाउंटंटने विवरणपत्रात गोंधळ घातला होता. दोघांना एकाच तराजूत घालणे सोयीचे होते. एप्रिल २०१९ मध्ये अपील न्यायालयाने बजावले की तफावत म्हणजे आपोआप अप्रामाणिकपणा नव्हे. आधी शंका कळवा, उत्तर ऐका, मग ठरवा. फायेद यांना दिलेलाच न्याय तेवीस वर्षांनी पगारदारांपर्यंत पोचला, असे म्हणायला हरकत नाही. हा वाद वास्तव्याचा होता, नागरिकत्वाचा नव्हे. पण करातली जुनी तफावत नागरिकत्वाच्या अर्जातही डोके वर काढते.

आता नकार आला तर? ब्रिटनमध्ये नॅचरलायझेशन नाकारल्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील नाही. गंमत अशी की मिळालेले नागरिकत्व सरकारने काढून घेतले तर अपील आहे. मिळालेच नाही तर नाही. उरतात दोन वाटा. पहिली, त्याच खात्याकडे फेरविचार मागण्याची, तीही पैसे भरून. अधिकाऱ्याने मार्गदर्शिका चुकीची लावली किंवा फायलीतला कागद पाहिलाच नाही, असे दाखवता आले तर तिचा उपयोग होतो. 'मी मुळात चांगला माणूस आहे हो' या विनवणीचा होत नाही. दुसरी वाट न्यायालयीन पुनर्विलोकनाची. ती उशीर न लावता आणि काहीही झाले तरी तीन महिन्यांच्या आत धरावी लागते. इथे न्यायाधीश अर्जदाराच्या चारित्र्यावर स्वतःचे मत देत नाहीत. निर्णय कायदेशीर होता का, न्याय्य पद्धतीने झाला का, एखाद्या विवेकी अधिकाऱ्याने तो घेतला असता का, एवढेच ते पाहतात. जिंकलात तरी फाईल परत त्याच टेबलावर जाते. फायेद १९९६ ला जिंकले होते, हे आठवा. म्हणून पुष्कळ जण दोन्ही वाटा सोडून, आड येणारी वर्षे सरेपर्यंत थांबतात आणि दीड हजार पौंडांहून जास्त शुल्क पुन्हा भरून नवा अर्ज करतात. कायम वास्तव्याचा परवाना नागरिकत्वाच्या नकारामुळे आपोआप जात नाही, हा त्यातला दिलासा.

थांबण्याचा हा पर्याय एका गटापुरता मात्र संपला आहे. १० फेब्रुवारी २०२५ पासूनच्या अर्जांना नवी मार्गदर्शिका लागू झाली : देशात बेकायदा शिरलेल्याला, मग त्याला किती वर्षे झाली असोत, साधारणपणे नकार. आधी दहा वर्षे थांबले की हा डाग पुसट होई. छोट्या नावेतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेला, पुढे निर्वासित म्हणून रीतसर मान्यता मिळालेला माणूसही यात येतो. निर्वासितांना बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये आणि त्यांच्या नागरिकत्वाची वाट शक्य तितकी सोपी करावी, असे १९५१ च्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिले आहे त्यावर ब्रिटनची सही आहे. जीव वाचवण्यासाठी कुंपण ओलांडणे हा चारित्र्याचा दोष कसा, हे मला काही केल्या उमगत नाही.

अमेरिकेची चाल वेगळी आहे. तिथे १७९० च्या पहिल्याच नागरिकत्व कायद्यात चांगल्या चारित्र्याची अट होती, आणि त्याच वाक्यात अर्जदार 'स्वतंत्र गोरा' असावा हीही. गोरेपणाची अट पुढे गेली, चारित्र्याची राहिली, त्यात 'नैतिक' शब्दाची भर पडली. नेहमीच्या माणसासाठी अर्जापूर्वीची पाच वर्षे तपासतात. १९४७ मध्ये या पाच वर्षांवरून न्यूयॉर्कच्या संघराज्य अपील न्यायालयापुढे एक विलक्षण प्रकरण आले. एका लिफ्टचालकाला पाच मुले. त्यांतला तेरा वर्षांचा मुलगा जन्मापासून अंथरुणाला खिळलेला, आंधळा, मुका, बुद्धी न वाढलेला. १२ ऑक्टोबर १९३९ ला बापाने क्लोरोफॉर्म देऊन त्याला मारले. ज्यूरीने दोषी ठरवताना कमालीची दया दाखवण्याची शिफारस केली; न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली आणि स्थगित ठेवली. त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला तो २२ सप्टेंबर १९४४ रोजी. पाच वर्षांना वीस दिवस कमी.

आता बघा, वीस दिवस थांबला असता तर प्रश्नच आला नसता. थांबला नाही म्हणून अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या न्यायाधीशांपैकी एकाला, लर्नेड हँड यांना, दयामृत्यू हा दुराचार आहे का हे ठरवायची वेळ आली. हँड म्हणाले की माझे स्वतःचे मत इथे बिनकामाचे. समाजाचा सर्वसाधारण नीतिविवेक काय म्हणतो ते पाहायचे. आणि तो काय म्हणतो हे मोजायची काहीच सोय नाही, हेही त्यांनी कबूल केले. अंदाजाने त्यांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. सहकारी न्यायाधीश फ्रँक यांचा विरोध होता : समाजाचे मत हीच कसोटी असेल तर त्याविषयी पुरावा गोळा करा, न्यायाधीशांच्या अंदाजावर माणसाचे भविष्य टांगू नका. गमतीचा भाग असा की निकाल विरोधात देतानाच हँड यांनी सांगून टाकले की तोवर पाच वर्षे उलटून गेली आहेत, त्यामुळे तो नवा अर्ज करू शकतो. दोन वर्षांनी याच हँड यांच्यापुढे एक अविवाहित जर्मन भाषाशिक्षक आला. आपले अविवाहित स्त्रियांशी अधूनमधून संबंध येतात, असे त्याने विचारल्यावर खरे खरे सांगितले होते. त्याला चांगल्या चारित्र्याचा ठरवले गेले. खोटे बोलला असता तर पकडला जाण्याची शक्यता फारशी नव्हती.

पुढे अमेरिकन संसदेने कायद्यात यादीच घातली : अट्टल दारुडा, जुगारावर पोट भरणारा, खोटी साक्ष देणारा, १८० दिवस तुरुंगात काढलेला. व्यभिचारही यादीत होता, तो १९८१ मध्ये वगळला. यादी कुरूप दिसते, पण वाचता तरी येते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने अधिकाऱ्यांना यादीच्या पलीकडे जाऊन समाजासाठी काय केले, कुटुंब कसे सांभाळले हेही तोलायला सांगितले, म्हणजे तराजू पुन्हा अंदाजाकडे झुकला. तरी तिथे नकारानंतर तीस दिवसांत दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी मागता येते, आणि तिथेही नकार आला तर संघराज्य न्यायालय सगळे प्रकरण पहिल्यापासून, स्वतःच्या डोळ्यांनी तपासते. व्याख्या धूसर असेल तर निदान तपासणारा दुसरा असावा, हा हिशेब अमेरिकेला कळला, ब्रिटनला अजून कळलेला नाही.

आपल्याकडे काय आहे? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत परदेशी माणसाच्या पात्रतेच्या अटी आहेत. वास्तव्याची वर्षे, चांगले चारित्र्य, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान. म्हणजे मराठी येत असेल तर भाषेची अट तिथेच भागते. अमेरिकेत जन्मलेल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात स्थायिक झालेल्या गेल ऑम्व्हेट यांनी १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले होते. चारित्र्यासाठी अर्जदाराला ओळखणाऱ्या दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे लागतात. नकाराबाबत मात्र आपला कायदा ब्रिटनच्या जुन्या ४४ व्या कलमाचा सख्खा भाऊ शोभावा : कलम १४ नुसार अर्ज मान्य किंवा अमान्य करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, कारणे देण्याचे बंधन नाही. तीस दिवसांत केंद्र सरकारकडेच पुनरीक्षण मागता येते. ब्रिटनने हा 'कारण नाही'चा पडदा २००२ मध्ये काढला. आपल्याकडे तो अजून टांगलेला आहे. परदेशात गेलेल्या आपल्या मुलांच्या नकारपत्रांवर हळहळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी कलम १४ वाचले आहे?

ब्रिटनकडे पुन्हा वळायचे कारण म्हणजे तिथली मुले. चारित्र्याची अट पूर्वी फक्त नॅचरलायझेशनला होती. २००६ च्या कायद्याने ती नोंदणीने मिळणाऱ्या नागरिकत्वालाही लावली, आणि वयाची मर्यादा ठेवली दहा वर्षे, कारण इंग्लंडमध्ये गुन्ह्याची जबाबदारी दहाव्या वर्षी सुरू होते. आता दुसरे एक कलम शेजारी ठेवा. आईवडील ब्रिटिश किंवा कायम वास्तव्याचे नसले तरी ब्रिटनमध्ये जन्मलेले आणि पहिली दहा वर्षे तिथेच वाढलेले मूल नागरिक म्हणून नोंदणी मागू शकते. हक्क सुरू होतो तो दहा वर्षे पूर्ण झाल्यावर. नवव्या वर्षी त्याला चारित्र्याबद्दल कोणी विचारणार नाही, पण नवव्या वर्षी त्याला हा हक्कही नाही. दहाव्या वाढदिवसाला हक्क हातात येतो, आणि त्याच अर्जाच्या नमुन्यात, नाव, जन्मगाव, शाळा यांच्यानंतर, त्या चौथी-पाचवीतल्या पोराच्या वर्तणुकीचा रकाना आलेला असतो.